पॅराशूट पॅकरकडून बांधून घेताना : नव्या स्कायडायव्हरसाठी

गेल्या उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आमच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या तळावर, सांगलीचा एक मुलगा भेटला. मास्टर्स करायला आलेला, नुकतंच ए-लायसन्स, म्हणजे स्कायडायव्हरचा पहिला परवाना, हातात पडलेलं. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्याच्या दोनच उड्या झाल्या होत्या. दुसऱ्या उडीनंतर तो पॅकिंगच्या गालिच्यावर गुडघे टेकून एका नव्याकोऱ्या, निसरड्या कॅनोपीशी, म्हणजे पॅराशूटच्या कापडी छत्रीशी, झटत होता. अर्धी बॅगेत कोंबली की उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूनं बाहेर. मी आईशी फोनवर बोलत होते, ते मराठी त्यानं ऐकलं आणि फोन ठेवल्यावर विचारलं, "ताई, पॅकरला पैसे देऊन बांधून घेतलं तर चालतं का? म्हणजे, नियमात बसतं का? आणि लोक नावं ठेवत नाहीत ना?"

नियमात बसतं, आणि नावं कुणी ठेवत नाही. दोनशे-पाचशे उड्या झालेली माणसंही शनिवार-रविवारी सर्रास पॅकर लावतात. पण त्यानं न विचारलेला एक प्रश्न या दोन्हींपेक्षा मोठा आहे: दुसऱ्याच्या हातानं बांधलेलं पॅराशूट पाठीवर चढवण्याआधी मला काय काय ठाऊक असायला हवं? त्या दिवशी आम्ही त्यावर तासभर बोललो. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सगळं अमेरिकेतल्या ड्रॉपझोनला धरून आहे, कारण मी इथेच शिकले. ब्रिटनमध्ये पॅकिंगसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची पद्धत आहे, इतर देशांचे आपापले नियम आहेत. तिथे उडी मारणार असाल तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला विचारा.

नियम आधी

तुमच्या पाठीवरच्या कंटेनरमध्ये दोन पॅराशूट असतात. खालच्या भागात मेन, म्हणजे नेहमी उघडायचं; वरच्या भागात रिझर्व्ह, म्हणजे ते बिघडलं तर वापरायचं. दोघांचे नियम वेगळे आहेत आणि नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांच्या भाग १०५ नुसार मेन तिघांपैकी कुणी एकानं बांधलेलं चालतं. एक, परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूट बांधण्या-दुरुस्तीचा सरकारी परवाना असलेली व्यक्ती. दोन, ते घेऊन पुढची उडी मारणारी व्यक्ती स्वतः. तीन, परवाना नसलेली पण रिगरच्या थेट देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती. ड्रॉपझोनवर झपाझप पॅक करताना जी पोरं-पोरी दिसतात ती बहुतेक या तिसऱ्या गटातली. याचा अर्थ असा की तुमच्या मैत्रिणीनं प्रेमानं तुमचं मेन बांधून दिलं, ती रिगर नाही आणि तिच्यावर देखरेख करणारा रिगरही नाही, तर ते नियमबाह्य आहे. तिच्या नावावर हजार उड्या असल्या तरी.

मेन बांधल्यापासून १८० दिवसांच्या आत वापरायला हवं. हिवाळाभर रिग, म्हणजे कंटेनरसकट सगळा संच, कपाटात पडून राहिली आणि ही मुदत उलटली, तर आतली घडी कितीही सुबक असली तरी ती उघडून पुन्हा बांधावी लागते.

रिझर्व्ह फक्त रिगर बांधतो. नायलॉनच्या रिझर्व्हलाही १८० दिवसांची मुदत आहे. २००८च्या अखेरीपर्यंत ती १२० दिवसांची होती. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याच्या पॅराशूटला मात्र आजही ६० दिवसच. रिगर रिझर्व्ह बांधून त्याला सील लावतो आणि रिगसोबतच्या कार्डावर तारीख घालून सही करतो. ते कार्ड आजच काढून बघा. मेन बांधणारा पॅकर रिझर्व्हला हात लावत नाही, त्यामुळे "पॅकरनं सगळं बघितलं असेल" हा समज तिथेच सोडून द्या. रिझर्व्हची तारीख बघणं तुमचं काम.

आधी स्वतः बांधायला शिका

यूएसपीए, म्हणजे अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची राष्ट्रीय संघटना, हिच्या ए-लायसन्ससाठी किमान २५ उड्या लागतात आणि त्या प्रवासात मेन बांधता येणं हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. सही मिळते. पण सही मिळणं आणि हाताला वळण बसणं यात फरक आहे. माझं मत असं की स्वतःच्या रिगवर निदान पन्नास वेळा स्वतः बांधल्याशिवाय पॅकरची सवय लावून घेऊ नये. इथले पुष्कळजण याहून सैल आहेत, मी नाही.

कारण साधं आहे. पॅकरनं बांधलेल्या रिगवरून नजर फिरवताना काय चुकलंय हे कळायला, ती गोष्ट बरोबर कशी दिसते हे हातांना माहीत असावं लागतं. ज्यानं कधी भाकरी थापली नाही त्याला तव्यावरची कच्ची कडा दिसत नाही. शिवाय सगळ्या ड्रॉपझोनवर पॅकर नसतात. एखादं सेसना विमान असलेल्या छोट्या ठिकाणी गेलात की तुमची तुम्हालाच बांधावी लागते, आणि वर्षभर हात न लावलेला माणूस तिथे घामाघूम होतो.

नवी कॅनोपी छळते ते खरं आहे. आजकालच्या बहुतेक कॅनोपी शून्य-सच्छिद्र कापडाच्या असतात. त्यावरच्या लेपामुळे हवा आरपार जात नाही, आणि त्याच लेपामुळे नवं कापड हातातून माशासारखं सटकतं. शे-दीडशे उड्यांनंतर ते नरमतं. सांगलीच्या त्या मुलाला मी एकच सुचवलं: पॅकरला एका पॅकचे दुप्पट पैसे दे आणि म्हण, "मी बांधतो, तू शेजारी उभा राहून सांग." बहुतेक पॅकर आनंदानं तयार होतात. वारा सुटल्यामुळे विमान थांबलेलं असेल, पॅकर रिकामे बसलेले असतील, तेव्हा विचारा. त्या अर्ध्या तासात कॅनोपीवर छाती टेकून हवा कशी काढायची, गुडघ्यांमध्ये घडी कशी धरायची, बॅगेचा कोपरा आधी कोणता भरायचा हे जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत नीट कळत नाही.

पैशांचं गणित

एका स्पोर्ट रिगच्या पॅकला सध्या साधारण सात ते दहा डॉलर पडतात. ठिकाणानुसार कमी-जास्त. टँडेमची, म्हणजे प्रशिक्षकासोबत बांधून दोघांनी मारायच्या उडीची, मोठी रिग बांधायला याहून जास्त, पण तो खर्च ड्रॉपझोनचा, तुमचा नाही.

मोठ्या ड्रॉपझोनवर, म्हणजे कॅलिफोर्नियातलं पेरिस, अॅरिझोनातलं ईलॉय, फ्लोरिडातलं डीलँड किंवा झेफिरहिल्स अशा ठिकाणी, ट्विन ऑटरसारखी टर्बाइन विमानं वीसेक माणसं घेऊन दिवसभर फेऱ्या मारत असतात. उतरून तुम्ही स्वतः पाऊण तास पॅक करत बसलात तर मधल्या दोन फेऱ्या निघून जातात. सराईत पॅकर तेच काम सहा ते दहा मिनिटांत करतो. आठ डॉलरचा दर धरला आणि दिवसाला सहा उड्या मारल्या, तर अठ्ठेचाळीस डॉलर पॅकिंगचे. विद्यार्थ्याच्या खिशाला हे जड आहे, लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मी सुरुवातीला दिवस वाटून घ्यायचे: सकाळच्या दोन उड्या स्वतः बांधून, दुपारी ऊन तापलं आणि अंग थकलं की पॅकरकडून. थकलेल्या हातांनी घाईघाईत बांधण्यापेक्षा ते आठ डॉलर कधीही चांगले.

पैसे देण्याच्या तीन-चार पद्धती असतात. कुठे मॅनिफेस्टच्या, म्हणजे फेऱ्यांसाठी नावं नोंदवायच्या, खिडकीवर दहा पॅकचं कार्ड मिळतं. कुठे पॅकरांच्या टेबलावर वही असते, नावापुढे रेघोट्या मारत जायच्या आणि संध्याकाळी हिशोब चुकता करायचा. कुठे रोख, कुठे फोनवरून. पहिल्याच दिवशी विचारून घ्या. भाड्याची रिग असेल तर भाड्यात पॅकिंग धरलंय की वेगळं, हेही. आणि निघताना उधारी ठेवून जाऊ नका. ड्रॉपझोनचं जग लहान असतं, आणि ज्याच्या हातात तुमचं पॅराशूट देणार त्याचे दहा डॉलर थकवणं मुळातच वाईट दिसतं.

पॅकरचा पगार ठरलेला नसतो. जेवढे पॅक तेवढे पैसे, त्यातूनही काही ठिकाणी ड्रॉपझोन आपला वाटा कापून घेतं. वारा सुटला, ढग आले, विमान बंद पडलं की कमाई शून्य. गुडघे, कंबर आणि बोटांची साल या कामात जाते. पेरिसच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि छपराखाली मोठा पंखा असला तर नशीब. यातले कितीतरी जण स्वतः उड्यांचा खर्च भागवायला पॅक करत असतात. ड्रॉपझोनच्या आवारातच जुन्या ट्रेलरमध्ये किंवा तंबूत राहतात. कॅनोपी ओली असेल, काटे-कुसळं भरलेली असतील, किंवा तुम्हाला लगेच पुढच्याच फेरीत जायचं असेल तर वर दोन डॉलर आपणहून द्या. थंड पाण्याची बाटलीही चालते. मी उन्हाळ्यात घरून कोकम सरबत बर्फाच्या थर्मासमध्ये नेते. आमच्या ड्रॉपझोनवर ते आता नावानं मागतात.

कुणाला द्यायचं

नव्या ठिकाणी गेल्यावर तडक वहीत नाव घालू नका. दहा मिनिटं उभं राहून बघा. कोण कसं बांधतंय, लाइन, म्हणजे कॅनोपीच्या दोऱ्या, मोजल्यासारख्या घेतंय की गप्पांच्या नादात, स्वतः उड्या मारतं का. मग स्थानिक प्रशिक्षक स्वतःचं मेन कुणाकडे देतो ते पाहा. याहून चांगली शिफारस नाही.

आणि एक प्रश्न सरळ विचारा: "इथल्या पॅकरांवर देखरेख करणारा रिगर कोण?" चांगल्या ठिकाणी याचं उत्तर लगेच मिळतं, बहुतेक वेळा बोटानं दाखवून. उत्तर द्यायला कुणी चाचपडलं तर तिथे मी स्वतःच बांधते.

वेगाकडे भुलू नका. सहा मिनिटांत बांधणारा दहा मिनिटांत बांधणाऱ्यापेक्षा वाईट असतो असं नाही, पण तो वेग कशाला कात्री लावून आलाय ते बघा. कॅनोपीचं कापड जरा चुरगळलेलं गेलं तरी ती उघडते. लाइन, स्लायडर, ब्रेक आणि पायलट च्यूट (हे काय ते पुढे येतंच) यांत सूट नाही.

रिग हातात देण्याआधी

उतरल्यावर कॅनोपी फरफटत आणू नका. गोळा करून खांद्यावर घ्या. डांबरावर, काटेरी गवतावर ओढली की कापड आणि लाइन दोन्ही झिजतात. पॅकिंगच्या जागी पोचलात की रिग आडवी ठेवा, लाइनमधून कंटेनर आरपार गेलेलं नाही ना ते बघा. रिग लाइनच्या मधून उलटून जाणं, याला इथे स्टेप-थ्रू म्हणतात, हे बहुतेक वेळा उड्डाणानंतर रिग उतरवताना आपणच करतो. पॅकरनं ते पकडायला हवंच, पण सुरुवात आपण नीट केली तर त्याच्यावर वेळ येत नाही. ब्रेक लावून दिले तर दुधात साखर.

मग बोला. हा भाग लोक टाळतात. रिग टेबलाखाली टाकून बर्गर खायला जातात आणि मग उघडताना झटका बसला की पॅकरच्या नावानं बोटं मोडतात. त्याला कळणार कसं?

पॅकरला सांगायच्या गोष्टी फार नाहीत. कॅनोपी कोणती आणि किती मापाची. कितव्या फेरीवर जायचंय. मागच्या उडीत ती कशी उघडली: सरळ, डावीकडे वळत, जोरात, की फार सावकाश. नाक, म्हणजे कॅनोपीची पुढची उघडी कड, तुम्ही गुंडाळून आत ढकलता की मोकळी ठेवता. बॅगेवरच्या लाइन धरणारे रबर बँड कधी बदलले. कंटेनर बंद करायला घट्ट जातं का. आणि रिगमध्ये काही वेगळं असेल, उदाहरणार्थ विंगसूटसाठीचं लांब ब्रायडल, म्हणजे पायलट च्यूटला जोडणारी पट्टी, तर ते दाखवून द्या. पाण्यात उतरला असाल तर ते आधी सांगा. ओलं मेन तसंच कोंबायचं नसतं.

रिगला नावाची चिठ्ठी लावा. एकाच रंगाच्या चार काळ्या रिग रांगेत पडल्या की अदलाबदल सहज होते. माझ्याच बाबतीत एकदा झाली आहे. विमानाची हाक आली, मी घाईत उचलली, पट्टे कसताना जाणवलं की हे माझ्या मापाचं नाही. जमिनीवरच कळलं म्हणून बरं. तेव्हापासून माझ्या रिगच्या छातीच्या पट्ट्याला पैठणीच्या काठाचा छोटा तुकडा शिवलेला आहे, हँडलपासून दूर. लांबूनही ओळखू येतं.

आत नेमकं काय घडतं

पॅकर काम करत असताना निदान पहिले काही वेळा शेजारी उभं राहा. बहुतेक जण ज्या पद्धतीनं बांधतात तिला प्रो-पॅक म्हणतात: कॅनोपी खांद्यावर टांगून उभ्यानं घड्या घालायच्या. जमिनीवर आडवं पसरून घालायची जुनी पद्धतही आहे, क्वचित दिसते. पद्धत कुठलीही असो, यातल्या प्रत्येक पायरीचा आकाशात एक परिणाम आहे, आणि तो ठाऊक असेल तर काय बघायचं ते आपोआप कळतं.

आकाशात क्रम असा असतो. तुम्ही कंटेनरच्या तळच्या खिशातून छोटं पायलट च्यूट काढून वाऱ्यात फेकता. ते हवा धरतं, ब्रायडलची पट्टी ताणते, तिला जोडलेली पिन सुटते, कंटेनर उघडतं, कॅनोपी भरलेली आतली बॅग वर उचलली जाते, लाइन रबर बँडमधून एकेक सुटत जातात, शेवटी कॅनोपी बॅगेतून बाहेर येते आणि स्लायडर नावाचा कापडी चौकोन लाइनवरून हळूहळू खाली सरकत तिला सावकाश फुलू देतो. स्लायडर नसता तर प्रत्येक उघडणं म्हणजे मानेला जीवघेणा झटका. हातानं फेकायचं पायलट च्यूट आणि बिघडलेलं मेन एका ओढीत सोडून देणारी तीन कड्यांची यंत्रणा, या दोन्ही गोष्टी बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात आणल्या आणि आज जवळजवळ प्रत्येक रिगवर त्या आहेत.

आता पॅकरच्या हातांकडे बघा. आधी तो ब्रेक लावतो: दोन्ही टॉगल, म्हणजे कॅनोपी वळवायच्या मुठी, ठरलेल्या कड्यांत अडकवून वरची लाइन आत खोचतो. एक बाजू सुटी राहिली तर कॅनोपी उघडताच गिरकी घेते. मग तो पायलट च्यूट "कॉक" करतो. उघडल्यानंतर पायलट च्यूट मागे ओढ लावत राहू नये म्हणून आतली किल लाइन त्याला मिटवते. पुढच्या उडीसाठी ती पुन्हा ओढून ठेवावी लागते. हे विसरलं तर तुम्ही फेकाल, ते मिटलेल्या पिशवीसारखं मागे लोंबकळेल आणि पिन सुटेलच असं नाही. पॅकिंगमधल्या सगळ्या चुकांत मला या एका चुकीची सर्वात धास्ती वाटते, आणि सुदैवानं हीच चूक बाहेरून दिसते. ब्रायडलवर एक छोटी खिडकी असते, कॉक केलेलं असेल तर तिच्यातून किल लाइनचा रंगीत भाग दिसतो.

पुढे तो लाइनचे गट बोटांत वेगळे धरून वरपर्यंत जातो, म्हणजे लाइन एकमेकींत अडकलेल्या नाहीत याची खात्री होते. कॅनोपीचं कापड प्रत्येक बाजूला सारखं झटकून बाहेर काढतो. स्लायडर पार वर, थांब्यांना टेकेपर्यंत नेऊन चारी बाजूंना सारखा पसरतो. तो खाली सरकून राहिला तर उघडणं आपटतं. शेपटीचं कापड सगळ्याभोवती गुंडाळून तो गठ्ठा जमिनीवर ठेवतो, हवा काढतो, घड्या घालून बॅगेत भरतो. मग लाइनचे वेढे रबर बँडमध्ये. पहिले वेढे बॅगेचं तोंड बंद ठेवतात, ते घट्ट हवेत. सैल रबर बँडमधून लाइन एकदम निसटल्या तर बॅग मधेच उघडते आणि झटका बसतो. तुटलेला रबर बँड दिसला की चांगला पॅकर न विचारता नवा घालतो. काहीजण चार जास्तीचे स्वतःच्या मनगटावर अडकवून हिंडतात.

शेवटी कंटेनर. क्लोजिंग लूप, म्हणजे कंटेनर बंद ठेवणारा दोऱ्याचा फास, पुल-अप कॉर्डनं वर ओढून पिन घालायची आणि कॉर्ड सावकाश, पिनच्या खालून, काढून घ्यायची. झटक्यात ओढली तर घर्षणानं लूप भाजतो. ती कॉर्ड काढायची राहिली तर कंटेनर उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

परत घेताना: इथे घाई नको

पॅकरनं रिग भिंतीला टेकवून ठेवली आणि "तयार आहे" म्हणाला, की जबाबदारी तुमच्याकडे आली. बॅगेच्या आतलं तुम्हाला आता दिसणार नाही, तिथे विश्वास आहे. पण बाहेरून जे दिसतं त्यातलं काहीही विश्वासावर सोडू नका.

मी पाठीमागून, वरून खाली जाते. रिझर्व्हचं झाकण उघडून पिन जागेवर आहे, सील शाबूत आहे. एएडी चालू आहे. ठरावीक उंचीखाली वेगानं पडत असाल तर आपणहून रिझर्व्ह उघडणारं हे यंत्र. जर्मनीतल्या एअरटेकनं सायप्रेस १९९१ मध्ये आणलं, तेव्हापासून त्यानं पुष्कळ जीव वाचवलेत, पण चालू केलेलं असेल तरच. मग मेनची पिन: पुरती आत, सरळ. क्लोजिंग लूपचे धागे निघालेले नाहीत; निघालेले असतील तर नवा लूप घालायला सांगा, काही मिनिटांचं काम आहे. किल लाइनच्या खिडकीत रंग. ब्रायडल पिनपासून पायलट च्यूटच्या खिशापर्यंत मोकळं, कुठल्याही झाकणाखालून किंवा पट्टीभोवती अडकलेलं नाही. ते चुकीच्या वाटेनं गेलेलं असेल तर पायलट च्यूट कितीही ओढू दे, कंटेनर उघडत नाही. पायलट च्यूट खिशात पूर्ण आत, हँडल बाहेर, हाताला सापडेल असं. पुल-अप कॉर्ड कुठे लोंबकळत नाही.

नंतर पुढची बाजू, आणि यासाठी यूएसपीएची तीन-तीनची तपासणी पाठ करा. तीन कड्यांची जोडणी दोन्ही खांद्यांवर, सोबत आरएसएल, म्हणजे मेन सोडताच रिझर्व्ह उघडणारी पट्टी. हार्नेसच्या तीन जागा: छातीचा पट्टा आणि दोन्ही पायांचे. तीन हँडल: मेन उघडायचं, मेन सोडायचं, रिझर्व्हचं. प्रत्येकाला हात लावून. रिग अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि उडी मारण्याआधी, अशा तीन वेळा. पाठीमागची पिन स्वतःला दिसत नाही म्हणून विमानात शेजारच्याला बघायला सांगा. सांगायला संकोच करू नका, कुणी नाही म्हणत नाही.

आणि जर मनात शंका आली, काहीतरी बरोबर दिसत नाही असं वाटलं, तर उघडा. विमानाची हाक झालेली असली तरी. मॅनिफेस्टला सांगा, नाव पुढच्या फेरीत टाका, आठ डॉलर गेले तर जाऊ द्या. मी दोनदा उघडली आहे. दोन्ही वेळा आत सगळं ठीक निघालं, आणि दोन्ही वेळा उघडल्याचं बरंच वाटलं.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटात तो फोटो आठवडाभर फिरत होता. मावशीनं विचारलं होतं, साडी सुटली नाही कशी? मी तेव्हा विद्यार्थिनी होते आणि माझी नजर साडीच्या निऱ्यांवरून घसरून हार्नेसच्या पट्ट्यांवर गेली होती. कपडा कुठलाही असो, हँडल झाकलं जाता कामा नये, एवढं तोवर शिकले होते.

काही बिघडलं तर

कधीतरी कॅनोपी जोरात उघडेल, किंवा लाइनला पीळ पडलेला दिसेल. आकाशात असताना कुणी बांधली याचा विचार करायचा नाही. पीळ सोडवायचा प्रयत्न, उंचीवर नजर, आणि विद्यार्थी किंवा ए-लायसन्सधारक असाल तर २,५०० फुटांपर्यंत कॅनोपी उडवण्याजोगी झाली नाही तर मेन सोडून रिझर्व्ह, जसं शिकवलंय तसं.

जमिनीवर आल्यावर पॅकरकडे जा, पण आरोप घेऊन जाऊ नका. लाइनला पीळ पडण्यामागे बहुतेकदा आपलंच शरीर असतं: उघडताना एक खांदा खाली, पाय सारखे नाहीत, मान वळवून मागे बघितलेलं. व्हिडिओ असेल तर आधी तो पाहा. जोरात उघडण्यामागे जुन्या लाइन आखडल्या असणं, वेगानं पडत असताना उघडणं, अशी चार कारणं असू शकतात. पॅकरला फक्त घडलं ते सांगा: "आज खूप झटका बसला, स्लायडर जरा बघशील?" त्यालाही ते जाणून घ्यायचं असतं. एकाच रिगवर एकच तक्रार तीन वेळा आली तर रिगरकडे न्या, लाइनची मापं काढायला सांगा.

खरंच पॅकरची चूक निघाली, ब्रेक सुटा राहिला, कॉक करायचं राहिलं, तर मात्र गप्प बसू नका. देखरेखीच्या रिगरला सांगा आणि सुरक्षा सल्लागाराला सांगा, एकट्यात आणि त्याच दिवशी. त्याच पॅकरच्या हाताखालून संध्याकाळपर्यंत आणखी वीस रिग जाणार असतात.

रिझर्व्हवर उतरायची वेळ आलीच, तर ते ज्या रिगरनं बांधलं होतं त्याला त्याच्या आवडीची एक बाटली नेऊन द्यायची इथे जुनी रीत आहे. रिझर्व्हच्या कार्डावर त्याची सही असतेच, शोधायला अवघड जात नाही. तो दुसऱ्या गावचा असला तरी पोचवा.

सांगलीचा तो मुलगा त्या दिवशी आणखी दोन उड्या मारून गेला. एक पॅक त्यानं पॅकरसमोर बसून स्वतः बांधला, दुसरा पॅकरनं बांधला आणि त्यानं उघड्या झाकणापाशी ओणवं होऊन खिडकीतला रंग शोधला. सापडायला मिनिटभर लागलं. पॅकर शेजारी उभी राहून वाट बघत होती, आणि तिनंच बोटानं दाखवायचा मोह टाळला.